मे महिन्याचं स्थिर पाणी

फेब्रुवारीपासून मोजणीदारांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. एका टोकाला पिसांचे डबे, रेशमी दोऱ्याची रिळं आणि बारीक गळ. दुसऱ्या टोकाला एका अनोळखी खोऱ्याचा नकाशा आणि त्यावर कोपरं टेकून बसलेले त्यांचे साडू. ताटं मांडायची कुठे, असं मोजणीदारांच्या बायकोने एकदा विचारलं. साडूंनी नकाशाची एक घडी घातली आणि इथे नुसते डोंगरच आहेत, इथे मांडा, असं सांगितलं.

दोघांनी सख्ख्या बहिणी केल्या होत्या. मोजणीदारांची थोरली, साडूंची धाकटी. मोजणीदारांनी एकतीस वर्षं गावच्या नदीचं पाणी मोजलं. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, काठावरच्या दगडी पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं. साडू इंजिनिअर. त्यांनी नोकरीत बरंच काही बांधलं असेल, पण ते बोलत एकाच पुलाबद्दल, तो याच नदीवरचा. म्हणून घरात त्यांना सगळे पूलवाले म्हणत. हुद्द्याने पूलवाले मोठे, नात्याने मोजणीदार मोठे. त्यामुळे दोघंही एकमेकांना अहो-जाहो करत आणि आपण केवढा मोठेपणा दाखवतोय, असं दोघांनाही वाटे.

निवृत्तीनंतर दोघांना एकच नाद लागला. गळाला पिसं बांधून खोटी माशी तयार करायची, लांब काठीने ती पाण्यावर अलगद टाकायची, मासा फसला की त्याला वर काढायचं, त्याचं तोंड बघायचं आणि सोडून द्यायचं. धाकटी म्हणायची की हे दोघं दिवसभर कंबरभर पाण्यात उभे राहून घरी फक्त सर्दी आणतात. माशा बांधायचं काम मोजणीदारांचं. खोटी गोष्ट खरी दिसावी असा हात त्यांना पहिल्यापासून होता, असं पूलवाले कौतुकाने चारचौघांत सांगत, आणि ते सांगत असताना मोजणीदार पाणी प्यायला उठत.

या वर्षी मासेमारी मंडळाने गावच्या नदीला विश्रांती द्यायचं ठरवलं. काठ्या भिंतीला टेकून राहणार, हे काही पूलवाल्यांना सोसवेना. त्यांनी कुठून तरी हे खोरं शोधून काढलं. अठरा तासांचा प्रवास. तिथे दोघांपैकी कुणी गेलेलं नव्हतं, ओळखीचं कुणी गेलेलं नव्हतं, आणि ज्याला विचारावं तो आधी नकाशा मागे. परवाना कार्यालयात फोन केला तर सगळा उन्हाळा भरलेला. फक्त नऊ मे ते चोवीस मे मोकळे.

"दर वर्षी मोकळेच असतात," तिथला कारकून म्हणाला. "का कोण जाणे. पाणी तर इतकं छान असतं."

पूलवाल्यांनी तिथल्या तिथे दोन नावं दिली.

मग राहायच्या घराच्या मालकिणीचं पत्र आलं. अक्षर गोल, मायाळू. खोली नदीकडची आहे, गाद्या नव्या आहेत, सकाळी गरम पाणी मिळेल. शेवटी लिहिलं होतं, की पाण्यात उभं राहायचे ते छातीपर्यंतचे रबरी बूट आणायची तसदी घेऊ नये. आमच्याकडे पुष्कळ राहिलेले आहेत, सगळ्या मापांचे, काही तर अगदी नवे.

पूलवाल्यांना आनंद झाला. सामान निम्म्यावर आलं. मोजणीदारांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि राहिलेले म्हणजे कसे राहिलेले, असं विचारलं. लोक विसरतात हो, पूलवाले म्हणाले. मोजणीदारांनी मनात विचार केला की छत्री विसरणारा माणूस त्यांनी पाहिला होता, चष्मा विसरणारा पाहिला होता. छातीपर्यंत घातलेले बूट विसरून गाडीत बसणारा अजून पाहायचा होता.

मार्चमध्ये पूलवाल्यांनी त्यांच्यासाठी खास भेट मागवली. जुन्या ओळखी वापरून त्या खोऱ्यातल्या नदीच्या नोंदवहीच्या झेरॉक्स प्रती आणवल्या: दहा वर्षं, रोजच्या दोन नोंदी. दुसरा कुणी असता तर मिठाई आणली असती. "तुमच्या आवडीचं वाचन," असं म्हणून त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. आपण आधीच चाळलाय. मे महिन्यात पट्टीवरचा आकडा दीड मीटरच्या आसपास एकदम स्थिर आहे, म्हणजे पात्रात मांडीभर पाणी, लहान मूल उभं करावं असं, असंही सांगितलं.

ते गेल्यावर मोजणीदार वाचायला बसले आणि दुपारचा चहा निवून गेला तरी उठले नाहीत.

खऱ्या नोंदी घाणेरड्या असतात. सकाळी आठला बोटं गारठलेली असतात, वही मांडीवर असते, पेन चालत नाही, पानावर ओल्या अंगठ्याचा डाग पडतो. आकडे शून्यावर, पाचावर बिनधास्त संपतात, कारण नदीला कुणाची भीड नसते. घरी बसून आकडा लिहिणारा मात्र शून्य आणि पाच टाळतो. ते त्याला खोटे वाटतात. त्याला सात आवडतो, तीन आवडतो. आणि त्याचं अक्षर सुरेख येतं, कारण खाली टेबल असतं आणि शेजारी बशी. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. हे ज्याने केलंय त्यालाच कळतं.

मोजणीदारांनी केलं होतं. एकतीस वर्षांत फार नाही; वर्षाला आठ-नऊ दिवस. कधी ताप, कधी पाहुणे, कधी नुसताच कंटाळा. कालच्या आकड्यात बोटभर मिळवायचं, नाहीतर बोटभर काढायचं. नदीची त्याला कधी हरकत नव्हती. मग एक दिवस पूलवाल्यांनी त्यांच्याच नोंदवह्या मागवल्या आणि त्या आकड्यांवरून पुलाची उंची ठरवली. तो पूल होऊन वीस वर्षं झाली. मोजणीदार तो नेहमी झपाझप ओलांडत. या वयातही काय चालतात, असं लोक म्हणत.

आता त्यांच्यासमोर दहा वर्षांची पानं होती. आठ मेपर्यंत डाग, खाडाखोड, तिरके आकडे. पंचवीस मेपासून पुन्हा डाग. मधले सोळा दिवस, दर वर्षी तेच सोळा दिवस, मोत्यासारखे. एक पूर्णांक त्रेचाळीस, सत्तेचाळीस, त्रेचाळीस. त्या दिवसांत तिथला मोजणीदार नदीकडे फिरकतच नव्हता.

आणि नेमके त्याच दिवशी पूलवाले तिच्यात उभे राहणार होते.

हे सांगायचं कसं? आकडे खोटे आहेत म्हटलं, की तुम्हाला कसं कळलं, हा प्रश्न ठेवलेला. त्याचं उत्तर दिलं, की पुलाचा प्रश्न ठेवलेला. मोजणीदारांच्या नावावर घर नव्हतं, शेत नव्हतं. होता तो एवढाच लौकिक, की यांच्या आकड्यात केसाचाही फरक नसतो. निरोप समारंभात साहेबांनी हेच वाक्य वापरलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या.

म्हणून त्यांनी आडवळणाने सुरुवात केली. तिथले किडे वेगळे असतील, आपल्या माशा चालायच्या नाहीत, असं म्हणाले. पूलवाल्यांनी आठ दिवसांत किड्यांची यादी मागवली. गुडघा धरलाय म्हणाले. पूलवाल्यांनी बुडाला रबर लावलेली काठी आणली. उंचावर आपल्याला धाप लागते म्हणाले. पूलवाल्यांनी नकाशा पसरून दाखवलं की ते खोरं आपल्या गावापेक्षा खाली आहे. मोजणीदार माशा बांधत राहिले. एप्रिल उजाडेपर्यंत साठ माशा झाल्या. एकेक अशी, की थोरलीने दोनदा फडक्याने हाकलल्या.

थोरलीच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. एका सकाळी शेंगा निवडता निवडता ती म्हणाली, "त्यांना सांगून टाका."

"काय सांगू?"

"तेच. तापाचे पाच दिवस तर मीच लिहिले होते. तुम्ही अंथरुणातून सांगत होतात, सात लिही, तीन लिही."

"त्याच्यावर पूल उभा आहे."

"पूल पडायचा असता तर पडला असता," ती म्हणाली. "बहीण मला एकच आहे. आणि तिला नवरा एकच."

रविवारी मोजणीदार साडूंकडे गेले. बैठकीच्या खोलीत पुलाचा मोठा फोटो होता. मोजणीदार नेहमी त्याच्याकडे पाठ करून बसत. त्या दिवशी समोर बसले. धाकटी आत काहीतरी तळत होती. पूलवाले जमिनीवर सामानाची यादी करत होते. मोजणीदारांनी झेरॉक्स प्रती मांडीवर घेतल्या आणि एका दमात सगळं सांगितलं: सोळा दिवस, सुरेख अक्षर, सात आणि तीन, आणि हे आपल्याला का कळतं ते. वर्षाला आठ-नऊ दिवस. पुलासाठी दिलेल्या वह्यांतसुद्धा.

पूलवाल्यांनी यादीतल्या छत्रीपुढे खूण केली.

"झालं?" ते म्हणाले. "साडूभाऊ, मोजणीदाराच्या आकड्यात दीड हात मिळवून मग पूल बांधायचा, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या आकड्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तुमच्या म्हणजे, कुणाच्याच."

मोजणीदारांना वाटलं होतं की छातीवरून दगड उतरेल. उतरला, आणि सरळ पायावर पडला. ज्या पापाने वीस वर्षं त्यांना पुलावरून पळवलं, ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. आणि ज्या दिवशी ते खरोखर पहाटे उठून, गारठून, काठावर जाऊन खरा आकडा लिहून आले, त्या प्रत्येक आकड्यातही कुणीतरी दीड हात मिळवला होता. त्यांना आधी राग आला, मग तो कुणावर काढावा ते समजेना.

पूलवाले पुढे समजूत घालत होते. आकडे घरी लिहिलेले असले म्हणून नदी वाईट ठरत नाही. तिथला मोजणीदार आळशी असेल. आपण काठाशी उभे राहू, दीड हात राखून.

"मी आळशी होतो," मोजणीदार म्हणाले. "माझे दिवस बघा, सगळे वर्षभर पसरलेत. धाकटीच्या लग्नाचे तीन त्यातच आहेत. आळसाला तारीख नसते हो. हा माणूस उरलेलं वर्षभर पावसाथंडीत पट्टीपाशी जातो आणि बरोब्बर नऊ मेला घरी बसतो. दहा वर्षं. हा आळशी नाही. हा घाबरलाय."

पूलवाल्यांनी यादी बाजूला सारली आणि झेरॉक्सचा गठ्ठा ओढून घेतला.

"आता सांगा," मोजणीदार म्हणाले, "भीतीत किती हात मिळवायचे?"

पूलवाल्यांना तेवढं कुणी शिकवलेलं नव्हतं. आतलं तळण थांबलं होतं. धाकटी झारा हातात घेऊन दारात उभी होती. आपल्या लग्नात तुम्ही घरी बसून पाणी लिहीत होता का, एवढंच तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन आणून टेबलावर ठेवला.

एकाच खात्यातला माणूस म्हटल्यावर नंबर मिळायला वेळ लागला नाही. तिथल्या मोजणीदाराचा आवाज जाड आणि सावकाश होता. मोजणीदारांनी आपण कोण ते सांगितलं, किती वर्षं नोकरी ते सांगितलं, मग पट्टीपर्यंत पायऱ्या किती, असं विचारलं.

"सत्तावीस."

"आणि मे महिन्यात?"



"तुम्ही वाचलंत," तो माणूस म्हणाला. "दहा वर्षं मी एवढं सुंदर अक्षर काढतोय. आपल्यापैकी कुणीतरी वाचेल आणि ओळखेल म्हणून. पहिला फोन तुमचा."

मग त्याने सावकाश सगळं सांगितलं. वर धरण आहे. पावसाळ्याआधी त्याचे खालचे दरवाजे उघडून गाळ काढतात. तारखा ठरलेल्या, वेळ ठरलेली नाही. वरून हुकूम येईल तेव्हा. भोंगा आहे, पण तो वाजत नाही. पाणी भिंतीसारखं येतं, पाऊण तासात निघून जातं. सकाळी आठला नदी शांत, संध्याकाळी आठला शांत. मधल्या वेळात मोजायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षी तरीही त्याने मधला आकडा लिहून पाठवला. वही परत आली. सदर आकडा सरासरीत बसत नाही, दुरुस्त करून पाठवावा. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाठवला, पुन्हा परत आली. त्याच्या आधीचा मोजणीदार, तो म्हणाला, फार प्रामाणिक होता. सोळाही दिवस खाली जायचा. एका मे महिन्यात तो वर आलाच नाही.

"या वर्षी येऊ नका," तो म्हणाला. "पण तुमच्या जागी येतील. आकडे चांगले आहेत ना."

पूलवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी परवाने रद्द केले. कारकुनाने मनापासून आभार मानले, कारण त्या पाण्यावर एका वेळी एकाच गटाला सोडत, आणि या वर्षी चार जणांचा एक गट वाट बघतच होता. ते कोण, कुठले, हे सांगायची त्याला परवानगी नव्हती. आकडे खोटे असल्याचं त्याच्या कानावर घातलं तर तो म्हणाला, लेखी द्या.

मोजणीदारांनी लेखी दिलं. चार पानं. पूलवाले म्हणत होते, "विश्वसनीय सूत्रांकडून कळते" असं घाला. मोजणीदारांनी आपलं नाव घातलं, हुद्दा घातला, आणि आपण स्वतः घरी लिहिलेल्या दिवसांची यादी जोडली, नाहीतर कोण विश्वास ठेवणार. तारखा थोरलीला जास्त पाठ होत्या. ती सांगत गेली, ते लिहीत गेले.

खात्याचं उत्तर आश्चर्यकारक वेगाने आलं. खोऱ्याचा, धरणाचा, दरवाज्यांचा त्यात उल्लेख नव्हता. आपण आपल्या सेवाकाळात केलेल्या गैरनोंदींबाबत समक्ष खुलासा करण्यास हजर राहावे, एवढंच होतं. तारीख अकरा मे.

"जाणार का?" पूलवाल्यांनी विचारलं.

"अकराला मी बाहेरगावी आहे," मोजणीदार म्हणाले.

तर आठ मेला दोघं ठरलेल्या गाडीने, ठरलेल्या खोऱ्याकडे निघाले. काठ्या घेतल्या नाहीत. खोली रद्द करायची राहून गेली होती, ती कामाला आली. मालकीण पत्रातल्या अक्षरासारखीच गोल आणि मायाळू निघाली, आणि तुमचे चौघे सोबती पहाटेच खाली गेले, असं तिने न विचारता सांगितलं.

नऊ मेची सकाळ स्वच्छ होती. पाऊस नव्हता, धुकं नव्हतं. तिथला मोजणीदार घाटाच्या वरच्या टोकाला उभा होता, आणि पहिल्या पायरीवरही त्याने पाऊल ठेवलं नव्हतं. खाली नदी काचेसारखी. मधोमध, मांडीभर पाण्यात, चार माणसं वरच्या वळणाकडे पाठ करून उभी होती आणि अगदी शांतपणे माशा टाकत होती. पूलवाल्यांनी हाक मारली. मोजणीदारांनी मारली. पात्र रुंद होतं, हाक अर्ध्या वाटेतच विरून गेली.

मग पूलवाल्यांनी खिशातून शिट्टी काढून वाजवली; चौघांपैकी कुणी वर पाहिलं नाही. मी वळणाकडे बघत राहतो, काही दिसलं की वाजवतो, असं ठरलं.

"आणि मला ऐकू आली नाही तर?" मोजणीदारांनी विचारलं.

पूलवाल्यांनी वळणाकडे बघितलं. "लवकर या," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसतं "दादा" म्हणाले.

मोजणीदार उतरायला लागले. सवयीने पायऱ्या मोजत होते. दहा पायऱ्या कोरड्या, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. अकरावी ओली होती. बारावीही. तिथून खाली सगळ्याच ओल्या, नदी अजून कितीतरी खाली असताना, आणि कठड्याच्या फटीत ताजी हिरवी फांदी अडकली होती, तिची पानं अजून सुकली नव्हती. रात्रीतून पाणी एकदा येऊन गेलं होतं. आज पुन्हा किती वाजता, ते कुठल्याच वहीत नव्हतं.

त्यांनी कठडा धरून जिवाच्या आकांताने पुन्हा हाक मारली. चौघांतल्या एकाने मान वळवली, या म्हाताऱ्याला बघून हसला, आणि ओळख असल्यासारखा हात हलवला.

मोजणीदार तेरावी पायरी उतरले.